काकांची कॉन्टेसा पुतण्याने घेतली, पण आरसीवर नाव कुणाचं? घरातली जुनी गाडी घेण्याआधी हे वाचा

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. तिथून ओतूरच्या दिशेने निघालं की वाटेत पिंपरी पेंढार लागतं. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात घरोघरी एक गोष्ट सारखी असते. एक भाऊ गावाकडे शेती बघतो आणि दुसरा मुंबईला कामधंद्याला असतो. मुंबईच्या भावाने कधीकाळी हौसेने गाडी घेतलेली असते. जत्रेला, लग्नाला तीच गाडी गावात येते. पुढे वय होतं, मुंबईत पार्किंगला जागा उरत नाही, आणि एक दिवस ती गाडी गावच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जाऊन बसते.

समजा ती गाडी हिंदुस्थान कॉन्टेसा आहे. लहानपणी तिच्या मागच्या सीटवर बसून फिरलेला पुतण्या आता कमावता झालाय. तो म्हणतो, "काका, गाडी मला द्या. मी तिला परत रस्त्यावर आणतो." काका म्हणतात, "घेऊन जा रे. घरातलीच तर आहे."

बहुतेक घरांत व्यवहार इथेच संपतो. किल्ली हातात येते, थोडेफार पैसे दिले जातात, पेढे वाटले जातात. आरसी बुकावर नाव मात्र काकांचंच राहतं. या एका कारणामुळे पुढे काय काय होऊ शकतं आणि ते कसं टाळायचं, हे नीट समजून घेऊ.

कॉन्टेसाला भारताची मसल कार का म्हणतात?

मसल कार हा मूळचा अमेरिकेचा प्रकार. मध्यम आकाराच्या, फार महाग नसलेल्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि सरळ रस्त्यावर ती सुसाट पळवायची, ही त्यामागची कल्पना. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. १९७३ च्या तेलसंकटानंतर हा जोर ओसरला.

भारतात तेव्हा परदेशी गाडी आणणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. १९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपारा कारखान्यातून कॉन्टेसा बाजारात आणली. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स या गाडीवर ती आधारलेली होती. लांब बॉनेट, रुंद बांधा आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यामुळे ती दिसायला अमेरिकन गाड्यांच्या जवळ जायची. म्हणून चाहत्यांनी तिला भारताची मसल कार म्हणायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या कॉन्टेसात इंजिन होतं ते ॲम्बेसिडरचंच, १४८९ सीसीचं. अंग पैलवानाचं आणि दम बेताचा, असा तो प्रकार होता. पुढे इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं आणि गाडीला खरा जोर मिळाला. नंतर इसुझुचं डिझेल इंजिनही मिळू लागलं. २००२ मध्ये कॉन्टेसाचं उत्पादन बंद झालं. म्हणजे आज जी कॉन्टेसा सापडेल ती वीस वर्षांहून जुनीच असणार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो खर्चात येणार आहे.

किल्ली मिळाली म्हणजे गाडी नावावर झाली का?

नाही. गावाकडच्या माणसाला हे सातबाऱ्यावरून पटकन समजेल. जमीन कसतो कोण, यापेक्षा सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हे सरकारदरबारी आधी पाहिलं जातं. म्हणून माणूस गेला की महिन्या-दोन महिन्यांत वारस नोंदीची धावपळ सुरू होते. गाडीच्या बाबतीत मात्र तेच घर दहा-दहा वर्षं निवांत असतं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी विकली की विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नातेवाइकांना यात सूट नाही. काका-पुतण्या असोत, मामा-भाचे असोत की सख्खे भाऊ, नियम तोच.

नोंद केली नाही तर त्रास कुणाला? अनेकांना वाटतं, घेणाऱ्याला. प्रत्यक्षात पहिला फटका बसतो तो काकांना.

कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती. अपघात झाला तेव्हा गाडी त्याच्या ताब्यात नव्हती, तरी भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावर टाकली. अपघातग्रस्ताने खऱ्या मालकाच्या शोधात एका दारातून दुसऱ्या दारात फिरावं, असं कायद्याला अपेक्षित नाही, हा त्यामागचा विचार.

आता हेच चित्र पिंपरी पेंढारात आणून बघा. पुतण्याने गाडी महामार्गावर काढली, दुचाकीस्वाराला धडक बसली आणि विमा संपलेला होता. मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस नोंदणीकृत मालक म्हणून मुंबईतल्या सत्तरीच्या काकांच्या दारात जाणार. ज्यांनी प्रेमाने गाडी दिली, त्यांच्याच पेन्शनवर आणि घरावर जबाबदारी येणार. ई-चलानही त्यांच्याच नावाने निघणार. गाडीवरचा फास्टॅग त्यांच्या खात्याला जोडलेला असेल तर चाळकवाडीच्या टोलनाक्यावर पैसेही त्यांचेच कापले जाणार.

त्यामुळे नाव बदलून घेणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं नाही. उलट त्यांना या जबाबदारीतून मोकळं करणं आहे.

काका हयात असतील तर काय करायचं?

हा सगळ्यात सोपा प्रकार. फॉर्म २९ म्हणजे गाडी दिल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हीवर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या लागतात. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन द्यावं लागतं. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पिंपरी-चिंचवड आरटीओच्या, म्हणजे एमएच-१४ च्या हद्दीत येतात. गाडी मुंबईत नोंदवलेली असली तरी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालक बदलताना नंबर तोच राहतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर मात्र आधी तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथे नवा नंबर मिळतो.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत चार अडचणी हमखास येतात.

पहिली, गाडीची माहिती ऑनलाइन दिसतच नाही. पुस्तकाच्या स्वरूपातल्या जुन्या आरसीची नोंद संगणकात चढलेली नसेल तर आधी मूळ आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते. याला तिथे बॅकलॉग एंट्री म्हणतात. एमएच-१२, एमएच-१४ ही नंबरांची पद्धत १९८९ च्या सुमारास सुरू झाली. त्याआधीच्या गाड्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं असतात. अशा नंबरांच्या बाबतीत ही अडचण जास्त येते.

दुसरी, काकांचा मोबाइल नंबर बदललेला असतो. ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि अर्ज अडकतो. म्हणून आधी नंबर अपडेट करून घ्यावा.

तिसरी, आरसीवर कर्जाचा बोजा तसाच असतो. हप्ते वीस वर्षांपूर्वी फिटले, पण बोजा उतरवलाच नाही. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.

चौथी, जुनी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवणं बंधनकारक आहे. ती नसेल तर आरटीओतली पुढची कामं अडतात.

काकांनी एक रुपयाही न घेता गाडी दिली तरी नाव बदलावं लागतंच. काकांनी पुतण्याला दिलेल्या भेटीवर प्राप्तिकर लागत नाही. आणि गाडी विकत दिली, तर घरगुती वापराच्या गाडीच्या विक्रीवर काकांना भांडवली नफ्याचा करही भरावा लागत नाही. फक्त पैसे बँकेतून द्यावेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायला कायद्याने मनाई आहे, नातं काहीही असो.

मालक हयात नसेल तर?

इथे सगळ्यात जास्त घरं अडकतात.

गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते. ते गेल्यावर ती मोठ्या मुलाकडे राहते आणि तो ती पुतण्याला विकतो. पण ती गाडी एकट्या मोठ्या मुलाची असते का?

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ लागू होतो. पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींचाही गाडीत वाटा असतो. त्यामुळे एका भावाला पैसे देऊन गाडी घेतली आणि बाकीच्यांना विचारलंच नाही, तर तो व्यवहार अर्धाच राहतो. ताडपत्रीखाली सडत होती तोवर त्या गाडीची कुणाला आठवण नसते. रंग मारून ती चमकायला लागली की सगळ्यांना वाटा आठवतो.

रीतसर मार्ग असा. मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्याकडे गाडी येते, त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर नोंद करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं जोडायची. गाडी आधी वारसाच्या नावावर येते आणि मग ती पुतण्याला विकता येते.

काही घरांत एक जुगाड चालतो. मालकाने हयातीत फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून ठेवलेल्या असतात आणि ते गेल्यावर मागची तारीख टाकून काम उरकलं जातं. हे बेकायदेशीर आहे. एखाद्या वारसाने तक्रार केली तर गाडी जाते, नातं जातं, वर पोलिसांची फेरी मागे लागते.

यावर सोपा उपाय २०२१ पासून उपलब्ध आहे. गाडीच्या आरसीवर आता वारसदार, म्हणजे नॉमिनी, नोंदवता येतो. घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर गाडी असेल तर हे काम आजच करून ठेवावं.

विम्याचं काय?

गाडीचा मालक बदलला की समोरच्या माणसाच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप गेला असं मानलं जातं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. त्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. ते केलं नाही आणि गाडी झाडावर आदळली, तर कंपनी दावा नाकारू शकते.

नो क्लेम बोनस गाडीला चिकटलेला नसतो. तो माणसाचा असतो. त्यामुळे काकांचा बोनस पुतण्याला मिळत नाही. मालक वारला आणि गाडी पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे गेली तर मात्र तो पुढे चालू शकतो.

पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत ठरलेल्या तक्त्यावरून निघत नाही. ती मालक आणि कंपनी मिळून ठरवतात. दुरुस्तीवर मोठा खर्च केला असेल तर बिलं आणि फोटो जपून ठेवा. त्याशिवाय कंपनी ती किंमत मान्य करणार नाही.

पंधरा, वीस आणि पन्नास वर्षं

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर गाडी आरटीओत तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी फॉर्म २५ असतो. दिल्लीच्या पट्ट्यात जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध आले, त्याच्या बातम्या वाचून इथेही लोक घाबरतात. पण महाराष्ट्रात केवळ वय झालं म्हणून खासगी गाडी भंगारात काढावी लागत नाही. ती तपासणीत पास व्हायला हवी.

खर्च मात्र वाढलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांहून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं. जुन्या दुचाकीसाठी ते २,००० रुपये आहे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर येतो. नोंदणी संपून वर्षं लोटली असतील तर विलंब शुल्कही महिन्यागणिक वाढत गेलेलं असतं. गाडीची किंमत ठरवण्याआधी ही थकबाकी काढा आणि ती कोण भरणार हे बोलून घ्या.

मग व्हिंटेज म्हणून नोंदवली तर? त्यासाठी २०२१ पासून वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो आणि आधीपासून नोंदवलेल्या गाडीला जुना नंबर ठेवताही येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

कॉन्टेसा १९८४ ची. म्हणजे सर्वांत जुनी कॉन्टेसासुद्धा २०३४ आधी या नियमात बसणार नाही. कुणी "व्हिंटेज आहे" म्हणून भाव वाढवून सांगत असेल तर हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

गाडी काकांची, तपासणी परक्यासारखी

घरातली गाडी घेताना माणूस आठवणी बघतो आणि पत्रा बघायचा विसरतो. म्हणून आपल्या ओळखीचा नसलेला, जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्तरी सोबत न्यावा.

कॉन्टेसाला ट्रक-जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळं वजन पेलतो. त्यामुळे फ्लोअर, दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा तळ सडला असेल तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही. माळशेजच्या बाजूच्या पावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत हे आधी तपासा. इंजिन परत बांधता येतं. सडलेल्या सांगाड्याचं टिनकाम मात्र गाडीच्या किमतीहून महाग पडू शकतं.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा. डिझेल स्वस्त होतं त्या काळात अनेकांनी पेट्रोलचं इंजिन काढून दुसरं बसवलं. तो बदल आरसीवर चढवलेला नसेल तर तपासणीत गाडी अडते.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. ब्रेकचे पाइप, टायर आणि वायरिंग बघून घ्या. उंदरांनी वायर कुरतडलेल्या असतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे ते बदलावे लागतात.

किंमत कशी ठरवायची?

नात्यातल्या व्यवहारात दोन्ही बाजूंना संकोच असतो. काका किंमत सांगत नाहीत, पुतण्या विचारत नाही. मग काही वर्षांनी लग्नाच्या मांडवात कुणीतरी म्हणतं, "लाखाची गाडी फुकटात उचलली."

यावर साधा मार्ग म्हणजे बाहेरच्या दोन जाणकारांकडून आहे त्या स्थितीतल्या गाडीची किंमत काढावी. त्यातून थकलेली नोंदणी आणि अत्यावश्यक दुरुस्ती वजा करावी. जी रक्कम उरेल ती घरातल्या सगळ्यांसमोर सांगावी. त्यानंतर काकांना सूट द्यायची असेल तर त्यांनी खुशाल द्यावी. पण सूट किती दिली हे सगळ्यांना माहीत असावं.

मग साध्या कागदावर करारनामा करा. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, आणि दोन साक्षीदार एवढं त्यात असलं तरी पुरे. वेळ का लिहायची, तर त्या क्षणानंतरची चलानं आणि जबाबदारी कुणाची, यावर दोघांत वाद राहत नाही. हा कागद नाव बदलण्याची जागा मात्र घेऊ शकत नाही.

एक गोष्ट कागदावर नसली तरी बोलून घ्यावी. पुतण्याने उद्या गाडी विकायला काढली तर आधी घरात विचारायचं का? काकांच्या मनात बहुतेक वेळा पैशापेक्षा हाच प्रश्न असतो.

थोडक्यात

आधी आरसीवर नाव कुणाचं ते बघा. मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०. नसेल तर सगळ्या वारसांची संमती आणि फॉर्म ३१. विमा चालू करून नाव बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बोजा, थकीत नूतनीकरण, चलानं आणि फास्टॅग यांचा निकाल लावा. पत्रा मिस्तरीला दाखवा. किंमत चारचौघांत ठरवा.

हे सगळं उरकायला कदाचित दोन-तीन महिने लागतील. पण त्यानंतर ती कॉन्टेसा ओतूरच्या रस्त्याला लागेल तेव्हा काका शेजारच्या सीटवर निर्धास्त बसलेले असतील, कारण गाडीची जबाबदारी आता त्यांच्या डोक्यावर नसेल.